खाण आणि गाव: गोव्यातील नव्या पट्टेधारक कंपन्यांसाठी कार्यमार्गदर्शिका

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी अनेक दशके चालल्या आणि गेल्या काही वर्षांत दोनदा अचानक थांबल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने काम बंद पडले. 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यानंतर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते पुन्हा थांबले. डिसेंबर 2022 पासून खनिज गटांचे लिलाव होऊन नवे पट्टेधारक आले आहेत. ही मार्गदर्शिका त्या कंपन्यांच्या अशा अधिकाऱ्यांसाठी आहे, ज्यांना रोज गावाला सामोरे जावे लागणार आहे. जत्रेला मंडप आणि शाळेला वह्या देऊन हे काम होत नाही. गावाचे पाणी, गावाची शेते आणि खाण बंद झाल्यानंतरचे गावाचे उत्पन्न यांची जबाबदारी कंपनीने खोदकामापूर्वीच लेखी घेतली, तरच पुढचे सगळे उपक्रम अर्थपूर्ण ठरतात.

सुरुवात पाण्याच्या नोंदीने करावी. खोदकामाआधी किमान एक पूर्ण वर्ष, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांवरील प्रत्येक विहीर, झर, तळे आणि नाला यांची यादी करून पाण्याची पातळी मोजावी. मे महिन्याच्या अखेरीस आणि पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरात हे मोजमाप व्हायलाच हवे. येथील जांभा दगड पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि त्याखालचा भुसभुशीत खनिजाचा थरही पाणी धरून ठेवतो. खाणीसाठी जांभा काढला जातो, खंदक भूजलपातळीच्या खाली उतरतो आणि तळ कोरडा राखण्यासाठी पंपाने पाणी उपसावे लागते. मग विहिरी आटल्या की पाऊस कमी झाला असे कंपनी म्हणते, खाणीमुळे आटल्या असे गाव म्हणते, आणि आधीची नोंद नसल्यामुळे दोघांनाही काहीच सिद्ध करता येत नाही.

म्हणून मोजमापाच्या वेळी विहिरीचा मालक आणि पंचायत सदस्य हजर असावेत, नोंदीवर त्यांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत पंचायत कार्यालयात राहावी. त्याच वेळी असा करार करावा की, ठरलेल्या पातळीखाली पाणी गेल्यास, कारणाचा वाद निकाली निघण्याची वाट न पाहता, कंपनी ठरावीक दिवसांत पर्यायी पाणी पुरवील. टँकर हा केवळ तातडीचा उपाय समजावा आणि त्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवण्याचा मोह टाळावा. जिची विहीर आटली आहे त्या बाईला ते नाव उपकारकर्त्याचे वाटत नाही. उपसलेले पाणी निवळवून कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, पाटांत सोडता येते, पण ज्या दिवशी पंप थांबेल त्या दिवशी हे पाट कोरडे पडतील हे गृहीत धरून बंधारे, तळ्यांची दुरुस्ती आणि झरींच्या पाणलोटाचे संरक्षण ही कामे आरंभापासूनच हाती घ्यावीत.

शेतांचा प्रश्न जून महिन्यात उघडा पडतो. खनिजाच्या एका टनामागे त्याच्या कित्येक पट टाकाऊ माती निघते; तिचे डंप उतारावर रचलेले असतात आणि मुसळधार पावसात त्यांची लाल माती नाल्यांतून भातशेतीत उतरते. डंपभोवती चर, जांभ्या दगडाचे बांध, गाळ बसण्यासाठी एकापुढे एक तळी आणि उतारावर काथ्याची जाळी ही व्यवस्था बहुतेक आराखड्यांत असतेच. चुकते ते देखभालीत, कारण आदल्या वर्षीच्या गाळाने भरलेले तळे नव्या पावसात काहीच अडवत नाही. मे महिन्यात तळी उपसून झाल्यावर शेतकऱ्यांना बोलावून ती दाखवावीत. एवढे करूनही गाळ शेतात गेलाच, तर नुकसानभरपाईबरोबर तो उचलून जमीन पूर्ववत करण्याचे काम कंपनीनेच करावे. दरवर्षी केवळ पैसे वाटण्याची पद्धत दोघांनाही सोयीची वाटते, मात्र तिच्यामुळे सरद (पावसाळी) आणि वायंगण (उन्हाळी) ही भाताची दोन्ही पिके कायमची सुटतात आणि पडीक शेत हेच उत्पन्नाचे साधन होऊन बसते.

धुळीबाबत नियम स्पष्ट आहेत, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. ट्रकवर ताडपत्री असावी, वजनमर्यादा पाळावी, खाणीच्या फाटकावर चाके धुण्याची सोय असावी आणि शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी वाहतूक बंद ठेवावी. त्यापलीकडे एक गोष्ट कंपनीच्या हिशेबखात्याने बदलण्यासारखी आहे. ट्रकमालकाला प्रत्येक फेरीमागे पैसे मिळत असतील, तर वेगाने हाकण्याचे आमिष कंपनीनेच ठेवलेले असते. फेऱ्यांची दैनिक मर्यादा घालून त्या मर्यादेत समाधानकारक मोबदल्याची हमी दिली, तर फलकांपेक्षा तिचा परिणाम अधिक होईल.

रोजगाराविषयी गोव्याचा अनुभव नीट समजून घ्यावा. तेजीच्या काळात खाणींच्या परिसरातील असंख्य कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले, काहींनी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्ज घेतल्या. गॅरेज, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या हे सारे त्याच एका खनिजावर उभे राहिले. काम थांबल्यावर ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले आणि राज्य सरकारला खाण अवलंबितांसाठी अर्थसाहाय्याच्या योजना आणाव्या लागल्या. ‘आम्ही स्थानिकांना काम दिले’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या कंपनीने म्हणूनच पुढचा प्रश्न स्वतःला विचारावा, की उद्या खाण थांबली तर त्या माणसाच्या हाती कोणते काम उरेल. यंत्रदुरुस्ती, वेल्डिंग, विद्युतकाम आणि अवजड वाहनचालन यांचे प्रशिक्षण मान्यताप्राप्त प्रमाणपत्रासह द्यावे, म्हणजे ते अन्य उद्योगांतही चालेल. ट्रकांची संख्या खाणीच्या मंजूर उत्पादनाशी जुळेल इतकीच नोंदवावी आणि जास्त कर्ज काढू पाहणाऱ्याला ते स्पष्ट सांगावे. काजू, सुपारी, भाजीपाला, दूध या गावात आधीपासून असलेल्या व्यवसायांना खाण चालू असतानाच बळ द्यावे. कंपनीच्या उपाहारगृहाने या वस्तू गावातून घेणे ही त्याची सर्वांत सोपी सुरुवात आहे.

पैशांच्या बाबतीत तीन वेगळी खाती एकमेकांत मिसळू नयेत. 2015 च्या दुरुस्तीनंतर खनिज कायद्यानुसार प्रत्येक बाधित जिल्ह्यात खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते; जुन्या पट्टेधारकांना स्वामित्वधनाच्या (सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या) 30 टक्के, तर लिलावातून आलेल्यांना 10 टक्के रक्कम तेथे भरावी लागते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करायची असते. याखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार खनिजविक्रीच्या 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठीच्या स्थायी निधीसाठी आहे. आटलेल्या विहिरीचा किंवा गाळाने भरलेल्या शेताचा खर्च यांपैकी कोणत्याच खात्यात दाखवू नये, कारण ते नुकसान उत्पादनखर्चाचा भाग आहे. प्रतिष्ठानाचा पैसा कोठे जावा हे कंपनी ठरवत नाही. आपण किती रक्कम भरली हे मात्र दर तिमाहीला पंचायतीच्या फलकावर लावण्यापासून तिला कोणी अडवलेले नाही.

पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होते आणि मंजुरीतील अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो कोकणी आणि मराठीत, चार पानांत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. इंग्रजी तक्त्यांची जाड फाईल गावाच्या काही उपयोगाची नसते. तक्रारीसाठी वहीत क्रमांक, तारीख आणि उत्तराची मुदत असावी, आणि ज्याच्यामुळे तक्रार आली त्याच अधिकाऱ्याकडे तिची चौकशी सोपवू नये.

खाण बंद करण्याचा आराखडा पहिल्या वर्षापासून गावासमोर असावा. वरची सुपीक माती वेगळी साठवावी आणि भरलेल्या भागावर टप्प्याटप्प्याने स्थानिक झाडे लावावीत. सारे शेवटच्या वर्षावर ढकलले, तर तोवर ना यंत्रे उरतात ना माणसे. अंतिम आराखडा बंद होण्याच्या दोन वर्षे आधी सादर करावा लागतो, त्यामुळे खंदकाचे काय करायचे याची चर्चा त्याच्याही आधी ग्रामसभेत सुरू व्हावी. खंदक पाण्यासाठी राखायचा ठरला, तर काठाचे उतार किती सौम्य करायचे, कुंपण कोणी सांभाळायचे, पाण्याची तपासणी कोणी करायची आणि पंपाच्या विजेचे बिल कोणी भरायचे, या चारही गोष्टी लेखी ठरून त्यासाठीची रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय तो पंचायतीच्या ताब्यात देऊ नये.