साइटवर रेडिओ घेताय? मग या चुका टाळा

पावसाळा ओसरला, गणपती-दसऱ्याच्या आसपास कामं परत जोरात सुरू झाली की कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, "दादा, साइटसाठी एखादा दणकट रेडिओ सांगा ना, पडला तरी फुटायला नको." सगळ्यांना भीती फक्त पडण्याची. मी इंटिरियरची कामं घेतो, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडकडे, सुतार, पीओपीवाले, फरशीवाले, पेंटर सगळे एकाच फ्लॅटमध्ये एकमेकांच्या पायात पाय घालून काम करत असतात, आणि आजवर साइटवर जेवढे रेडिओ-स्पीकर मेलेले बघितले त्यात पडून मेलेले फार थोडे. बाकीचे धुळीने गेले, नाहीतर कोणीतरी न वाचता प्लग खुपसला म्हणून गेले. आणि दुकानात गेल्यावर लोक काय बघतात, तर कोपऱ्याला जाड रबर आहे का. अहो रबर काय, कशालाही चिकटवता येतं!

"वॉटरप्रूफ आहे" ऐकून पैसे काढणं

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण दर वेळी हेच. बॉक्सवर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं, दुकानदार सांगतो बादलीत बुडवा काही होणार नाही, आणि ते खरंही आहे, एक मीटर पाण्यात अर्धा तास, अशीच टेस्ट आहे ती. पण मधला तो एक्स कोणी बघत नाही. आयपीच्या पुढचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. एक्स म्हणजे धुळीसाठी कंपनीने काही दावाच केलेला नाही. स्विमिंग पूलच्या कडेला पार्टी करायची असेल तर घ्या की, पण आपल्याकडे भिंतीची पुट्टी घासायला घेतली की समोरचा माणूस दिसत नाही. साइटला पहिला आकडा मोठा पाहिजे. ५ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी चालू राहील इतपत, ६ म्हणजे आत जातच नाही. पाण्याचा ४ असला तरी पुरतो, शिंतोडे उडतात तेवढे झेलतो, ५ म्हणजे पाइपचा फवारा. आपण रेडिओवर सिमेंटसारखं पाणी मारून क्युरिंग थोडीच करणार आहोत.

वाकडच्या एका फ्लॅटवर आमच्या पेंटरने असाच बुडवायचा स्पीकर आणला होता, नवा कोरा, गोल, कापडी जाळीचा. पहिले काही दिवस रुबाब विचारू नका. मग पुट्टीची घासाई सुरू झाली आणि हा रोज संध्याकाळी चार्जिंगला लावून झाकण उघडंच ठेवायचा, कारण सकाळी परत कोण उघडणार. चार्जिंगच्या भोकात पुट्टीची धूळ बसली, वरून कोणीतरी ओल्या हाताने वायर लावली, आणि पुट्टी ती, पांढऱ्या सिमेंटची, पाणी मिळाल्यावर तिने तिचं काम केलं. दुसऱ्या दिवशी पिन अर्धीच आत जायची. आता इथे शांतपणे बसायचं, टूथपिकने हळूहळू कोरायचं, तर या पठ्ठ्याने सुताराच्या डब्यातला बारीक खिळा घेतला आणि आतली जीभच वाकवून टाकली. बॅटरी संपेपर्यंत वाजला, मग कायमचा गप्प. स्पीकर चांगला, आवाज चांगला, बॅटरी चांगली, पण चार्जच होत नाही. मोबाइल रिपेअरिंगवाला म्हणाला, सील उघडलं तर वॉटरप्रूफ राहणार नाही. म्हणलं, आता त्याचं काय लोणचं घालायचंय का.

आणि झाकण बंद नसेल तर आयपी६५ असो की ६७, सगळं कागदावर. ती टेस्ट सगळी झाकणं नीट बसवून केलेली असते. म्हणून मी दुकानात सगळ्यात आधी झाकणंच उघडून बघतो. रबरी पॅकिंग पूर्ण गोल फिरलंय का, मध्येच तुटक आहे का, झाकण नुसतं खोचलंय की खटकन बसतं. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

याच धुळीतली दुसरी गंमत म्हणजे ब्लोअर. सुतारांना ब्लोअर दिसला की काहीही साफ करायचं असतं, चप्पल, डोकं, रेडिओ. जाळीवर समोरून हवा मारली की जी धूळ बाहेर बसली होती ती थेट आतल्या स्पीकरच्या पडद्यावर, म्हणजे कोनवर जाते आणि मग प्रत्येक गाण्यात घरघर. मी दोन इंची जुना ब्रश वेगळा ठेवलाय, तो आणि कोरडं फडकं, बास. थिनरने पुसणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही, डिस्प्लेची काच दुधासारखी होते आणि रबर चिकट, तरी दर साइटवर एक महाभाग सापडतो.

बाहेरगावहून आलेला रेडिओ सरळ बोर्डात लावणं

बाहेरगाव म्हणजे अमेरिका. आमच्या एका क्लायंटचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याला आमच्या हेड मिस्त्रीचं काम फार आवडलं म्हणून सुट्टीवर येताना खास जॉबसाइट रेडिओ घेऊन आला, तिकडे दर सुताराकडे असतो तसा, चारी बाजूंनी पिंजरा, मोठा हँडल, आत बॅटरी चार्ज करायची सोय. वस्तू खरंच जबरदस्त. मिस्त्री राजस्थानचा, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला म्हणाला भाईसाब चार बजे चाय के टाइम उद्घाटन करेंगे. मी म्हणलं थांब, मी येतो मग लावू. पण मागचा हेल्पर पोरगा, नवीन, हाताला जराही दम नाही, त्याने गल्लीतून चपट्या पिनचा तो तीस-चाळीस रुपयांचा अडॅप्टर आणला आणि लावून मोकळा. फट् असा आवाज, जळका वास, बोर्डाचा एमसीबी खाली, कटरवाल्याचं काम बंद ते वेगळंच. मागच्या पट्टीवर स्पष्ट छापलेलं होतं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३०. तो अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही, हे इतकी वर्षं सांगूनसुद्धा लोक त्याला कन्व्हर्टर म्हणतात आणि निर्धास्त होतात. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं म्हणून तो कुठेही चालतो, तेच बघून सगळ्यालाच तसं समजतात.

माझी सवय सांगतो, नवीन काहीही साइटवर आलं की मोबाइलची टॉर्च मारून मागची पट्टी मोठ्याने वाचायची, चार जणांना ऐकू जाईल अशी. हसतात सगळे. हसू देत. १२० चाच असेल तर २३० चे १२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा नाहीतर निव्वळ बॅटरीवर वाजवायचा.

बरं तो जळला नसता तरी अर्धाच उपयोग झाला असता. अमेरिकेतली एफएम स्टेशनं ८८.१, ८८.३ अशी एक सोडून एक असतात, काही सेट त्याच पावलाने उड्या मारतात. त्यामुळे ९१.१, ९३.५, ९८.३ मस्त लागतात, पण पुण्याची विविध भारती १०१ वर, ती दोन घरांच्या मध्ये अडकते आणि खरखर येते. मिडियम वेव्हचं त्याहून वाईट. आपल्याकडे ९ किलोहर्ट्झचं पाऊल, तिकडे १० चं. आकाशवाणी पुणे ७९२, मुंबईची अस्मिता ५५८, नागपूर ५८५, सगळ्यांना नऊने भाग जातो, दहाने जात नाही. काही सेटमध्ये ९/१० चा स्विच किंवा मेन्यू असतो, तो आहे का एवढं आधी विचारा. युरोपचा माल असेल तर डॅबसाठी, म्हणजे तिकडच्या डिजिटल रेडिओसाठी, जास्तीचे पैसे अजिबात देऊ नका. इथे डॅबवर काही नाही, आकाशवाणीचं डिजिटल आहे ते डीआरएम, वेगळी गोष्ट आहे ती. आणि जपानचा जुना सेट कोणी स्वस्तात देत असेल तर त्याचा एफएम ७६ पासून सुरू होतो, जुन्यांचा बराच आधी संपतोही, म्हणजे आपली जवळपास सगळी स्टेशनं पट्टीच्या बाहेर.

नुसती बॉडी स्वस्त मिळाली म्हणून घेणं

ऑनलाइन १८ व्होल्टचा रेडिओ स्वस्त दिसतो, कारण त्यात बॅटरी नसते, चार्जरही नसतो. तुमच्याकडे त्याच कंपनीच्या कॉर्डलेस मशिनी असतील तरच त्याला अर्थ आहे. आपल्याकडे अजून बहुतेक टीम वायरवाल्या मशिनीवर चालतात, मग एका रेडिओसाठी बॅटरी-चार्जर घेतला की रेडिओपेक्षा वरखर्च मोठा. बॉशच्या निळ्या (कारागिरांच्या) आणि हिरव्या (घरगुती) मशिनींच्या बॅटऱ्या एकमेकांना बसत नाहीत हेही लक्षात ठेवा. उलट डिवॉल्टच्या अमेरिकन बॅटरीवर २० व्होल्ट मॅक्स आणि इतर देशांत १८ लिहितात, ती मात्र एकच, आत पाच सेल, फुल चार्जला मोजलं तर २०, नॉमिनल म्हणजे सरासरी मोजलं तर १८. आणि रेडिओचा पॉवर अडॅप्टर लावला म्हणजे आतली बॅटरी चार्ज होतेच असं समजू नका, कित्येक सेट अडॅप्टरवर नुसते वाजतात.

बाकीच्या, पटापट

वॅट बघून घेऊ नका. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजार वॅट म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन, आरएमएस, म्हणजे सलग निघणारे वॅट विचारा.

टच बटणं नकोत. पुट्टीच्या हाताला काही लागत नाही, मोठा फिरवायचा नॉब पाहिजे.

घडीची अँटेना पहिल्याच महिन्यात तुटते, रबरी लवचिक बघा. तुटलीच तर टाकून देऊ नका, साधारण ७५ सेंटिमीटर वायर बुडाशी सोल्डर करा, एफएमला तेवढीच लांबी लागते.

बेसमेंटमध्ये स्टेशन लागत नाही म्हणून रेडिओ परत करणारे लोक आहेत. सळईच्या जाळीच्या आत बसलाय तुम्ही! खिडकीपाशी ठेवा. वेल्डिंग चालू असताना मिडियम वेव्ह लावून क्रिकेट ऐकणाऱ्यांनी खरखरीबद्दल रेडिओला शिव्या देऊ नयेत.

घोडीवर, परांचीवर, बाल्कनीच्या कठड्यावर ठेवायचा नाही. रेडिओ टिकेल हो, खालचा माणूस टिकणार नाही. जमिनीवरही नको, फरशी कापताना सगळा चिखल, स्लरी, तिकडेच वाहतो. दाराच्या चौकटीला एक हुक मारा आणि टांगा.

आवाज. राहत्या सोसायटीत काम असेल तर निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, ती तुमच्या ग्राइंडरनेच कधीच ओलांडलेली असते, त्यात वरून भोजपुरी फुल्ल लावलं की सेक्रेटरी येतो आणि काम बंद पाडतो ते रेडिओमुळे पाडतो, ग्राइंडरमुळे नाही. स्लॅबचं काम चालू असेल, क्रेन असेल, शिट्टीवर माल वर जात असेल तिथे तर रेडिओ बंदच. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

आणि दिवाळीला, होळीला टीम गावी जाते तेव्हा बॅटरी काढून ठेवाच, पण मेमरीसाठी आत दोन पेन्सिल सेल असतात ते सगळेच विसरतात. महिनाभराने येऊन बघावं तर सेल गळलेले आणि पत्तीवर पांढरं-हिरवं साचलेलं. लगेच नवीन सेल कोंबायची घाई करू नका. अल्कलाइन सेल असतील तर कापसाच्या बोळ्याला लिंबू लावून पुसा, मग साध्या पाण्याच्या बोळ्याने, मग एक दिवस झाकण उघडं ठेवून वाळू द्या. अर्ध्याहून जास्त वेळा रेडिओ परत चालू होतो.