लाकडी खांबाचा बुंधा कुजू नये म्हणून
पडवीचा किंवा अंगणातल्या मांडवाचा लाकडी खांब बहुधा जमिनीलगतच कुजतो, कारण कापलेल्या टोकातून लाकूड सर्वाधिक पाणी शोषते.

सागवान घेताना फिकट पिवळसर कड असलेला नग टाळून गडद गाभ्याचा निवडावा. कीड आधी त्या कडेलाच लागते, जरी वखारवाले ते आपणहून सांगत नसले. खांब उभा करण्यापूर्वी त्याच्या खालच्या टोकाला रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल, ते जिरेनासे होईपर्यंत, पुन्हापुन्हा लावावे आणि खांब काँक्रीटमध्ये न गाडता वीतभर उंच दगडी तळखड्यावर बसवावा.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नये, कारण तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात.