हुशार पण अवघड: तांत्रिक तज्ज्ञांना सांभाळताना या चुका टाळा

हिंजवडीतली सॉफ्टवेअर टीम असो की भोसरीतली टूलरूम (कारखान्याचे साचे बनवायची, दुरुस्त करायची जागा), असा एक माणूस तिथे बहुधा असतोच. काम अडलं की सगळ्यांना त्याच्याकडे जावं लागतं, आणि जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मॅनेजर खासगीत म्हणतो, ‘नाकापेक्षा मोती जड झालाय.’ पण मोती एका रात्रीत जड होत नाही. बरंचसं वजन मॅनेजरच्याच सवयींनी वाढवलेलं असतं.

‘स्वभावच तसा आहे’ म्हणून फाईल बंद करणं

आधी एवढंच बघा: हा त्रास कधीपासून आहे? पहिल्या दिवसापासून असेल तर प्रश्न वागण्याचा आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांतला असेल तर काहीतरी घडलेलं आहे, आणि ते शोधणं तुमचं काम. नेहमी सापडणारी कारणं ठरलेली असतात. बाहेरून आणलेल्या नव्या माणसाला त्याच्यापेक्षा जास्त पगार मिळाला आणि ते कॅन्टीनमध्ये कळलं. त्याने नको म्हटलेला निर्णय त्याला न विचारता झाला, आणि आता निस्तरायला त्यालाच बसवलंय. किंवा घरी कुणी आजारी आहे आणि ऑफिसात कुणी विचारलेलंच नाही. पहिल्या कारणावर पगाराची दुरुस्ती हाच इलाज आहे. कौतुकाचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही.

‘सगळं लिहून दे’ असा मेल टाकणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. मेल जातो, तारीख ठरते, आणि तीन महिन्यांनी दोन पानांची फाईल येते. तिच्यात सगळ्यांना आधीच माहीत असलेलं असतं. यात लबाडी नसते. एक तर ‘लिहून दे’ हे त्याला ‘तुझ्यावाचून चालेल अशी सोय करून दे’ असं ऐकू येतं. दुसरं म्हणजे, जे त्याला सहज येतं ते सांगण्यासारखं आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही.

पत्रा कापणाऱ्या प्रेस टूलचं उदाहरण घ्या. वरचा पंच खालच्या डायमध्ये शिरतो आणि मधला पत्रा कापला जातो. २ मिमी माइल्ड स्टीलच्या पत्र्याला पंच आणि डायमध्ये दर बाजूला साधारण ०.१० ते ०.२० मिमी क्लिअरन्स (मोकळी फट) ठेवतात, म्हणजे जाडीच्या ५ ते १० टक्के. हे कुठल्याही तक्त्यात मिळतं. टूलरूममधल्या काकांना ठाऊक असतं ते वेगळंच: या डायला आजवर किती वेळा धार लावली, त्यात उंची किती गेली, ती भरून काढायला खाली किती जाडीची शिम (पातळ पट्टी) बसवली आहे. कापलेल्या कडेला ‘बर’ (खरखरीत कंगोरा) एकाच बाजूला येत असेल तर ते आधी अलाइनमेंट, म्हणजे पंच आणि डाय नीट एका रेषेत आहेत का, ते बघतात. सगळीकडे सारखी येत असेल तर धार गेली का ते बघतात. हे विचारून बाहेर येत नाही, कामातूनच येतं.

म्हणून उलट बाजूने जा. ‘हे १० दिवस गावाला गेले तर काय अडेल?’ हा प्रश्न त्यांना विचारू नका, आजूबाजूच्या चौघांना विचारा. त्यातून पाच कामं निवडा आणि एकेका कामाला दोन आठवडे द्या. दोन-तीन वर्षं अनुभव असलेला, प्रश्न विचारायला न लाजणारा एक ज्युनिअर जोडीला द्या; अगदी नवखा घाबरून नुसती मान डोलावतो. हात ज्युनिअरचे चालतील, तज्ज्ञ शेजारी बसून फक्त बोलेल. त्याच संध्याकाळी ज्युनिअरने लिहायचं आणि तज्ज्ञाने लाल पेनाने दुरुस्त करायचं. दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करायला अशा माणसांना मनापासून आवडतं, तेव्हा त्या आवडीचा फायदा घ्या. टूलरूममध्ये हे त्या त्या डायच्या हिस्टरी कार्डवर उतरवा, कपाटातल्या फाईलमध्ये नको. सॉफ्टवेअरमध्ये रिलीज (नवी आवृत्ती) कसा सोडायचा, रात्री आपोआप चालणारा जॉब बंद पडला तर काय करायचं, कुठला अॅक्सेस फक्त त्याच्याच नावावर आहे, इथून सुरुवात करा.

दहा आठवड्यांनी परीक्षा घ्या. त्यांना सलग तीन दिवस सुटी, आणि एकही फोन करायचा नाही. जे अडेल ती पुढची यादी. एरवीही मोजत राहा: कारखान्याच्या गुरुवारच्या सुटीला किंवा आयटीतल्या शनिवार-रविवारी त्यांना किती फोन गेले? महिन्याला चार जात असतील, तर तुम्ही ज्याला चिडचिड म्हणता ती थकवा असू शकते.

अपमानाला ‘स्पष्टवक्तेपणा’ म्हणणं

‘तो बोलतो फटकळ, पण पुणेकर आहे हो’ ही सबब आपल्याकडे फार चालते. पुणेरी पाटी दारावर शोभते, कोड रिव्ह्यूमध्ये (सहकाऱ्याचा कोड तपासताना) नाही. मतभेद आणि अपमान यांतली रेघ सोपी आहे. ‘हा लूप १० हजार नोंदींवर अडकेल’ हा मतभेद. ‘हे शाळेतल्या पोरालाही कळतं’ हा अपमान. पहिला कितीही कडक असला तरी चालवून घ्या, दुसरा एकदाही नाही.

बोलायचं ते दोन दिवसांच्या आत, एकट्याशी, पंधरा मिनिटांत. एप्रिलच्या अप्रेझलपर्यंत साठवून ठेवलं की तो ‘तेव्हा का नाही बोललात?’ विचारतो, आणि त्याचं बरोबर असतं. विशेषणं टाळा, ‘तुमचा अॅटिट्यूड’ म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. वाक्य, परिणाम, मागणी, एवढंच सांगा: ‘काल रिव्ह्यूमध्ये तुम्ही असं असं लिहिलंत. त्यानंतर जिचा कोड होता तिने पुढचे दोन बदल तुम्हाला न दाखवता दुसऱ्याकडून पास करून घेतले. चूक दाखवाच, पण कोडची दाखवा, माणसाची नको.’ हेच पुन्हा घडलं तर दुसऱ्या वेळी लेखी द्या. चौघांसमोर मात्र झापू नका; अशा माणसाचा मान एकदा गेला की तो काम नियमाप्रमाणेच करतो, आणि फक्त नियमाप्रमाणे केलेलं काम किती कमी असतं ते मग कळतं.

सगळ्या मीटिंगला बसवणं

अवघड विचाराला सलग दोन-तीन तास लागतात. मध्ये अर्ध्या तासाची मीटिंग आली की सकाळच गेली. सकाळी १० ते १ मोकळी ठेवा. न्यूयॉर्कच्या क्लायंटचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. तो कॉल घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या मीटिंगला) कॅमेरा चालू ठेवायला सांगणं हा निव्वळ हट्ट आहे.

नकाराला अडथळा समजणं

‘हे होणार नाही’ म्हटल्यावर ‘का?’ असं विचारू नका, ‘कशाने होईल?’ विचारा. मग एका पानावर निर्णय लिहा: कोणते पर्याय होते, त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत, काय ठरलं, आणि कुठली गोष्ट दिसली तर निर्णय पुन्हा उघडायचा. आक्षेप लिहिला गेला की तो दर आठवड्याला पुन्हा ऐकायला लागत नाही. आणि सहा महिन्यांनी तोच बरोबर ठरला, तर सगळ्यांसमोर तसं म्हणा.

बक्षीस म्हणून मॅनेजर करणं

उत्तम इंजिनिअर जातो आणि वैतागलेला मॅनेजर मिळतो. मोठ्या कंपन्यांत आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी वेगळी तांत्रिक शिडी असते. तिचा पगार मॅनेजरच्या शिडीला खरोखर समांतर आहे का, तेवढं तपासा. नुसतं पदनाम बदललेलं ओळखायला या लोकांना एक मिनिट लागतं. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यात अशी शिडी नसते. तिथे अधिकार द्या: टूल स्टील कुठलं घ्यायचं, वायरकटचं (विजेच्या तारेने धातू कापायचं) काम कुणाला द्यायचं, नव्या डायचं ड्रॉइंग त्यांच्या सहीशिवाय पुढे जायचं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअरने पंचावन्नच्या टूलमेकरला ‘काका, तुम्ही बघून सांगा’ म्हणणं हाही त्याच अधिकाराचा भाग आहे.

राजीनाम्यानंतर जागं होणं

काउंटर ऑफरने (जाऊ नये म्हणून ऐनवेळी वाढवून दिलेल्या पगाराने) माणूस थांबला तरी मूळ तक्रार तशीच राहते. जायचंच ठरलं असेल तर नोटीसचे ६० किंवा ९० दिवस वाया घालवू नका. पहिल्या आठवड्यात यादी करा, निम्म्या मुदतीपर्यंत वर सांगितलेली जोडी लावून कामं हलवा, आणि उरलेल्या निम्म्यात त्याचा हात कीबोर्डला किंवा मशीनला लागू देऊ नका. फक्त बघायला बसवा.