जपानच्या श्राइनमध्ये जाताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

आई-बाबा पहिल्यांदा टोकियोला आले तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांना असाकुसाला नेलं होतं. बाबा यूट्यूबवर सगळं बघून आलेले, त्यामुळे सेन्सोजीच्या मोठ्या हॉलसमोर उभं राहून त्यांनी दोनदा वाकून दोन खणखणीत टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आजी हसल्या, बोलल्या काहीच नाहीत, आणि मला कळलं की घोळ झालाय. सेन्सोजी हे बौद्ध मंदिर आहे, तिथे नुसते हात जोडायचे. टाळ्यांचं ठिकाण म्हणजे असाकुसा जिंजा, ते त्याच हॉलच्या उजव्या बाजूला, दोन मिनिटांवर!

ही सगळ्यात कॉमन चूक. नावावरून ओळखा: शेवटी 'जिंजा', 'जिंगू' किंवा 'ताइशा' असेल तर श्राइन, म्हणजे शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं देऊळ, 'जी' किंवा 'तेरा' असेल तर बौद्ध मंदिर. तोरिई म्हणजे ती दोन खांबांची कमान दिसली की बहुतेक श्राइनच, पण अगदी शंभर टक्के नाही, कारण 1868 मध्ये सरकारने दोन्ही वेगळे करेपर्यंत हे सगळं शेकडो वर्षं एकमेकांत मिसळलेलं होतं आणि अजून काही मंदिरांत तोरिई उभी आहे.

आता आपल्या लोकांच्या खास चुका. आईने दानपेटीसमोर पोचताच चपला काढल्या. गरज नाही, कारण आपण आत जातच नाही, बाहेरूनच नमस्कार करायचा असतो (पैसे भरून आत प्रार्थना करवून घेतली तर मात्र बूट काढायचे). बाबा तोपर्यंत प्रदक्षिणेला निघालेले, मागे पोचले तर तिथे ऑफिसचं दार आणि कोणाच्या तरी दोन सायकली. गाभाऱ्यात डोकावून मूर्ती शोधू नका, दिसणार नाही, बऱ्याच ठिकाणी आरसा किंवा तलवार असते आणि तीही बंद दाराआड.

तोरिईतून शिरताना एकदा वाकायचं आणि रस्त्याच्या मधून नाही, कडेने चालायचं, मधली वाट देवाची. मग पाणी. इथे लोक गडबडतात म्हणून नीट सांगते: पळीत एकदाच पाणी घ्यायचं आणि तेवढ्यातच सगळं उरकायचं. आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत थोडं घेऊन चूळ, परत डावा हात, आणि उरलेलं पाणी पळी उभी धरून दांड्यावरून सोडायचं म्हणजे पुढच्याला दांडा धुतलेला मिळतो. पळीला तोंड लावू नका, प्यायचं तर नाहीच. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी पळ्याच काढून टाकल्यात, बांबूतून धार येते, तिथे नुसते हात धुतले तरी चालतं.

नमस्काराचा क्रम: नाणं, घंटा असेल तर घंटा, दोनदा वाकणं, दोन टाळ्या, हात जोडून मनातलं बोलणं, परत एकदा वाकणं. इझुमो ताइशाला टाळ्या चार. नाणं लांबून भिरकावू नका. लोक 5 येनचं टाकतात कारण 'गोएन' म्हणजे 5 येनही आणि ऋणानुबंधही. पण पर्समधली 1 येनची चिल्लर तिथे रिकामी करायची आयडिया सोडा, 2022 पासून जपान पोस्ट बँक ढीगभर नाणी भरायला चार्ज लावते, आणि लहान श्राइनला ते फार जड जातं.

क्रम विसरलात तर? काही होत नाही, बाजूचा माणूस बघा आणि कॉपी करा, अर्धे जपानीही तेच करत असतात.

एक गोष्ट मात्र आपल्याला पटकन कळेल, सुतक. घरात कोणी गेलं असेल तर साधारण 50 दिवस तोरिईतून आत जात नाहीत. बौद्ध मंदिरात चालतं. इथे मुलाला महिन्याचं झालं की श्राइनला नेतात, 3, 5 आणि 7 वर्षांचं झालं की नोव्हेंबरात किमोनो घालून परत नेतात, घर बांधायच्या आधी पुजारी प्लॉटवर येऊन पूजा करतो, नवी गाडीसुद्धा आणतात, पण अंत्यविधी बहुतेक बौद्ध पद्धतीने. जन्म इकडे, मृत्यू तिकडे, अशी सरळ वाटणी.

ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी, त्यात 'क्यो' म्हणजे वाईट निघालं तर घाबरू नका, तिथल्या तारांवर बांधून या. झाडाला बांधू नका, फांद्या मोडतात, तशा पाट्याही असतात. परीक्षेसाठी युशिमा तेनजिन या श्राइनला गेलात तर एमावर, म्हणजे लाकडी पाटीवर, मराठीत बिनधास्त लिहा, पण पूर्ण नाव-पत्ता टाकू नका, सगळे वाचतात आणि फोटोही काढतात. गोशुइन म्हणजे तो सुंदर शिक्का आणि हस्ताक्षर, त्यासाठी खास वही लागते, साध्या डायरीत मागितलं तर नाही म्हणतात, आणि आधी नमस्कार करून मग मागायचं. खिडकी साधारण चार-साडेचारला बंद होते, आम्ही दोनदा धावत जाऊन परत आलोय.

ओमामोरी म्हणजे ताईत, तो उघडून आत काय आहे बघायचं नाही. वर्षभराने जिथून घेतला तिथे परत द्यायचा, ते विधी करून जाळतात. दोरी तुटली तर अपशकुन नाही, त्याने त्याचं काम केलं असं इथे समजतात. भारतात परत गेलात तर काही श्राइन पोस्टाने पाठवलेलाही घेतात, आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. मी बाबांना हे तीनदा सांगितलं, पण ट्रॅफिक सेफ्टीचा तो निळा ओमामोरी पुण्यात त्यांच्या स्कूटरच्या आरशाला पाचव्या वर्षी लटकतोय, उन्हाने पांढरा पडलाय, आणि दर दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागतं.