ख्रिस्ती मंडळीच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी: कोणती डिजिटल साधनं खरंच कामाला येतात

सेमिनरीतून बाहेर पडून पहिल्या मंडळीत रुजू होणाऱ्या भावाबहिणींनो, सलाम. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत पाळकीय सेवा करताना जी साधनं हाताशी टिकली, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे. कुठलंही ॲप घेण्याआधी मी एवढंच पाहतो की माझी बदली झाल्यावर हे काम मंडळीकडे राहील का. पाळक दर काही वर्षांनी बदलतो. त्याच्या लॅपटॉपबरोबर सभासदांची यादी, गीतांच्या फाइली आणि यूट्यूब चॅनेलचा पासवर्ड निघून गेला, की येणाऱ्याला सगळं पहिल्यापासून उभं करावं लागतं. त्यात वर्ष जातं आणि झळ मंडळीला बसते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मंडळीच्या नावाने एक जीमेल खातं काढा आणि पुढचं सगळं त्याच खात्यावर ठेवा. पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्याकडेही असू द्या. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं. कागदपत्रांना ती पुरते, उपासनेचे व्हिडिओ मात्र तिथे साठवू नका.

यानंतर युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर आणि संगणकावर वाचता येणारी अक्षरपद्धती. आपल्या बहुतेक मंडळ्यांत गीतं, वार्षिक अहवाल, कार्यक्रमपत्रिका श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या तर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि मोबाईलवर तर त्यांचा काहीच उपयोग नाही. फॉन्ट कन्व्हर्टरने त्या युनिकोडमध्ये आणता येतात, पण नंतर डोळ्यांनी तपासणं टळत नाही. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. नवीन टाइप करायचं असेल तर फोनवर गूगलचा जीबोर्ड कीबोर्ड आणि विंडोजमध्ये आधीपासूनच असलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरेसा आहे. ‘ताऱ्याने’, ‘दुसऱ्या’ यांतला ‘ऱ्या’ नीट उमटतो का, हे सुरुवातीलाच पाहून घ्या. त्यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून जोडाक्षर करावं लागतं. साधा ‘र’ घेतला तर ‘दुसर्या’ असं रफाराचं रूप पडद्यावर येतं आणि ज्येष्ठ मंडळी तिथेच अडखळतात.

गीतांवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्यावा असं वाटतं. ‘उपासना संगीत’ आपल्या घराघरात आहे, पण बारीक अक्षरांमुळे वयस्कर माणसं पुस्तक मिटून ठेवतात आणि नव्या कुटुंबांकडे पुस्तकच नसतं. पडद्यावर गीत आलं की दोघंही गाऊ लागतात. यासाठी ओपनएलपी वापरा. ते फुकट आहे, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही चालतं, म्हणजे कोणी दान दिलेला जुना संगणकही कामी येतो. गीत एकदा भरलं की ते शोधता येतं, धृपद एकदाच टाइप करून प्रत्येक कडव्यानंतर आपोआप आणता येतं, आणि एकाच वायफायवर असाल तर पेटीवर बसलेल्यांच्या शेजारी उभं राहून फोनवरूनही कडवं बदलता येतं. फ्रीशो नावाचंही असंच फुकट सॉफ्टवेअर आहे. तरुण संघाला त्याचं रूप जास्त आवडतं.

कडवं कुठे तोडायचं, यावर गाण्याचा सगळा ओघ अवलंबून असतो. अभंग असेल तर चरण संपतो तिथेच ओळ संपली पाहिजे. सॉफ्टवेअर जागा संपली की ओळ तोडतं आणि गाणारे भलत्याच ठिकाणी श्वास घेतात. एका स्लाइडवर चारपेक्षा जास्त ओळी नकोत. आपल्या जुन्या चर्चच्या उंच खिडक्यांतून सकाळी भरपूर उजेड येतो, त्यामुळे फिकट पार्श्वभूमीवर काळी अक्षरंच दिसतात. ढग आणि झरे वाहणारी चित्रफीत मागे लावू नका, तिच्यामुळे शब्द वाचता येत नाहीत. अक्षरासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. छापील पुस्तकाची सवय असलेल्या डोळ्यांना याने फार फरक पडतो.

हक्कांचंही भान ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या रचना मोकळेपणाने टाइप करा, वाटा, पडद्यावर आणा. हयात गीतकारांच्या नव्या गीतांसाठी मात्र त्यांना विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि विचारणं ही त्यांच्या सेवेची कदर आहे.

आता रजिस्टर. बाप्तिस्म्याचं आणि लग्नाचं रजिस्टर कागदावरच राहणार; १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्नाची नोंद ठेवणं ही कायदेशीर जबाबदारी आहे. पण जुन्या वह्यांची पानं वाळवी आणि ओल खाते. फोनवरच्या गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे. खिडकीजवळ वही उघडून पानागणिक स्कॅन करा, फाइलला वर्षाचं नाव द्या. दाखल्यासाठी कोणी मुंबईहून फोन केला तर वही चाळत बसावं लागत नाही.

सभासदांची यादी गूगल शीटमध्ये करा. कुटुंबप्रमुख, घरातली माणसं, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वस्ती, फोन एवढे रकाने पुरेत. त्यात एक रकाना मात्र जरूर घाला: ‘शेवटची भेट’. दर सोमवारी तो तारखेप्रमाणे लावा, जुनी तारीख वर. सगळ्यात वर जी नावं येतात ती बहुधा दूरच्या वस्तीवरची, आजारामुळे घरी असलेली, किंवा कोणाशी बोलणं न राहिलेली माणसं असतात. सुस्थितीतली घरं चहाला बोलावतातच, त्यामुळे आपली पावलं आपसूक तिकडे वळतात. ही यादी आठवड्याची दिशा ठरवते. माझ्या दृष्टीने पाळकाच्या हातातलं हे सर्वांत मोलाचं डिजिटल साधन आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

भेटीत कळलेल्या गोष्टी मात्र शीटमध्ये लिहू नका. नवरा-बायकोतला तंटा, कर्ज, मुलीच्या लग्नाची अडचण हे पाळकाजवळ विश्वासाने सांगितलेलं असतं आणि शीट उघडणारे हात अनेक असतात. प्रार्थना विनंत्यांचंही तसंच. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव आणि आजार टाकण्याआधी त्या घराला विचारा. प्रार्थनेच्या ग्रुपवर मेसेज सात दिवसांनी आपोआप जाण्याची सोय चालू ठेवा. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करून फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करा, नाहीतर उपासनेची वेळ सुप्रभाताच्या फुलांखाली हरवते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो.

ऑनलाइन प्रार्थनेसाठी फुकटच्या झूमवर ४० मिनिटं मिळतात, गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर ६०. यूट्यूबवर थेट उपासना दाखवायची तर चॅनेलला परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. तेव्हा नाताळच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. पैसे खर्चायचे असतील तर कॅमेऱ्यावर नको, आवाजावर खर्चा. मिक्सरमधून तार काढून आवाज थेट फोनमध्ये घेतला तर अंथरुणाला खिळलेल्या आजीला वचन स्वच्छ ऐकू येतं. तिला चित्र थोडं धूसर दिसलं तरी चालतं.

दानासाठी यूपीआयचा क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा, पाळकाच्या किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा कधीही नको. परदेशी गेलेली आपली मुलं मदत पाठवतात तेव्हा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात. तेव्हा परकीय देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

संदेशाच्या तयारीसाठी यूव्हर्जन ॲपमध्ये बायबलची एकाहून अधिक मराठी भाषांतरं शेजारी ठेवून वाचता येतात. केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-अभ्यास केंद्राचं स्टेप बायबल फुकट आहे. त्यात शब्दावर टिचकी मारली की मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द आणि तो आणखी कुठे आला आहे ते दिसतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला त्या भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते १९२४ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. एवढी सोय हाताशी असताना आपण मूळ शब्दापर्यंत न जाणं मला पटत नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनाला रूपरेषा विचारायला हरकत नाही, पण त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पवित्र शास्त्र उघडून पाहा. कधीकधी अध्याय-वचन चुकीचं असतं, कधी वचनाची भाषा मनाने रचलेली असते, आणि वेदीवरून बोललेला शब्द लोक घरी घेऊन जातात.

ज्यांची नेमणूक नंदुरबार किंवा मेळघाटाकडे होईल त्यांनी ग्लोबल रेकॉर्डिंग्ज नेटवर्कचं फाइव्ह-फिश ॲप आधी पाहावं. भिल्ली, कोरकू अशा भाषांत बायबलमधल्या गोष्टी आवाजात मिळतात. नेटवर्क असेल तिथे उतरवून मेमरी कार्डावर घ्या; पाड्यावर एका छोट्या स्पीकरवर ते चालतं आणि वाचता न येणारी माणसंही रात्री पुन्हा लावून ऐकतात.