समुपदेशकांनो, ऐकताना या चुका टाळा

क्षयरोगाच्या रुग्णांशी बोलण्यात माझी पंधरा वर्षं गेली. हल्ली नव्या समुपदेशकांच्या शेजारी बसते आणि त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो.

सगळ्यात घातक म्हणजे वाक्य मधेच तोडणं. भिवंडीचा एक यंत्रमाग कामगार बारा तासांची रात्रपाळी करून आला होता, केसांत सुताचे तंतू तसेच. "ताई, गोळ्या घेतो, पण लघवीला..." एवढंच म्हणाला. मला वाटलं, सबब सांगतोय. मी सुरूच झाले: सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही, मधेच सोडलंत तर जंतू औषधाला दाद देत नाहीत. तो "हो ताई, हो ताई" म्हणत राहिला आणि पुढचे तीन आठवडे फिरकला नाही. घरी गेले तेव्हा बायकोने सांगितलं, लघवी लाल दिसली, रक्त जातंय समजून त्यांनी गोळ्याच बंद केल्या. त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवीला केशरी-लालसर रंग येतोच, त्यात धोका नसतो. हे सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणं तपासली, तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडत होते. मी त्याहून लवकर तोडलं होतं.

आता मी पेन खाली ठेवते. समोरचा थांबला की मनात पाच आकडे मोजते आणि मग विचारते, "आणखी काय काय होतंय?" "अजून काही?" असं विचारलं की लोक "नाही" म्हणून उठतात.

दुसरी चूक, "मी समजू शकते" म्हणणं. कार्यशाळेतून दोन दिवसांत शिकून आलेली मुलं हे वाक्य पहिल्याच मिनिटाला वापरतात. अजून ऐकलंच नाही, तर समजलं काय? त्यापेक्षा त्याचेच शब्द घेऊन विचारा: "पाळीवरून आल्यावर गोळी घेतली की मळमळतं, असं म्हणताय का?" चुकलात तर तो दुरुस्त करेल.

फोन टेबलावर उलटा नको, खणात ठेवा. रुग्ण समोर असताना नातेवाइकाला प्रश्न विचारू नका. रडणाऱ्यापुढे लगेच पाण्याचा ग्लास सरकवू नका, त्याला ते "आता पुरे" असं वाटतं.

आणि तोडलंच कुणाला, तर तिथेच कबूल करा. त्या कामगारासमोर पुन्हा बसले तेव्हा मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी मधेच बोलले. लघवीचं काय सांगत होतात?" मग तो अर्धा तास बोलत होता.