होळीच्या आसपासचं आभाळ: अंदाज वाचून कांदा, गहू, द्राक्षाचा आठवडा कसा आखावा

वसंत ऋतू पंचांगात असतो. आमच्या निफाडकडे या दिवसांना काढणीचे दिवस एवढंच म्हणतात. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणून मोकळं व्हायचं आणि दुपारनंतर आभाळाकडे बघत बसायचं. गहू पिवळा पडलेला, द्राक्षात साखर उतरलेली, उन्हाळ कांद्याच्या माना, म्हणजे पातीची बुडं, पडायला लागलेल्या. वर्षाचं सगळं भांडवल उघड्यावर असतं आणि नेमका तेव्हाच अवकाळी येतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळं सांगायला नको.

अंदाज ‘पाऊस येईल का’ हे विचारण्यासाठी वाचला की हमखास निराशा होते. ‘उद्याचं कोणतं काम आज ओढून घ्यायचं’ हे ठरवायला वाचला, तर तो उपयोगी पडतो.

१. आधी कुठे बघायचं ते ठरवा

व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘महाराष्ट्रावर महासंकट’ छापाचे व्हिडिओ बाजूला ठेवा. त्यात तारीख नसते, जिल्हा नसतो. असतो फक्त आवाज. भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज रोज पाहा, तो पुढच्या काही दिवसांचा असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पिकांसाठीचा कृषी हवामान सल्ला येतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीतही मिळतो. गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. त्यावरून ढोबळ कल ओळखायचा, दिवस धरायचा नाही. ढग दिसायला लागल्यावर मात्र पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा बघायचा. त्या वेळी सकाळचा अंदाज शिळा झालेला असतो.

२. शब्द नीट वाचा, विशेषतः ‘तुरळक’

माझी स्वतःची चूक सांगतो. एका मार्चमध्ये अंदाजात ‘तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ असं होतं. तुरळक म्हणजे थोडीशी, असं मी धरलं आणि काढलेला कांदा शेतातच राहू दिला. संध्याकाळी पंधरा मिनिटं गारा पडल्या, त्यात काही तुरळक नव्हतं. शेजारचं गाव कोरडं.

हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ हा जागांचा हिशेब आहे, जोराचा नाही. त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी हवामान केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापासून पाऊणपर्यंत. जोराचे शब्द निराळे: २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, त्यापुढे मुसळधार. काढलेल्या कांद्याला मात्र हा ‘हलका’ पाऊसही जड जातो. ही वर्गवारी पावसाच्या मापाची आहे, पिकाच्या नुकसानीची नाही.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. शक्यता किती आणि परिणाम किती, या दोन्हींचा मेळ घालून रंग ठरतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये माझा नियम असा की पिवळ्यालाच केशरी समजायचं, कारण पीक उघड्यावर असतं. जुलैत हाच पिवळा मी बघतही नाही.

३. वारा आणि सकाळ ओळखा

या दिवसांत वायव्येकडून कोरडा वारा येतो. तो चालू असेपर्यंत सकाळी गारवा, दुपारी ऊन, काळजी नाही. बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आत शिरला आणि या कोरड्या वाऱ्याला भिडला की खेळ बदलतो. बातम्यांत ‘वाऱ्याची खंडितता’ किंवा ‘कमी दाबाचा पट्टा’ असे शब्द यायला लागतात. जमिनीजवळ ओल, वर कोरडी थंड हवा आणि मधे तापलेली दुपार, एवढं जुळलं की ढग उंच चढतात. गोठणाची पातळी, म्हणजे पाणी गोठतं ती उंची, या काळात पावसाळ्यापेक्षा खाली असते, म्हणून गार विरघळायच्या आत जमिनीवर पोचते.

शेतात हे कसं कळतं? वारा आग्नेयेकडून यायला लागतो आणि सकाळपासूनच गदमदतं. दुपारी एक-दोनच्या सुमाराला फुलकोबीसारखे ढग वर चढायला लागतात. त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरला की हातात फार वेळ नाही. हे वादळ बहुधा दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी फुटतं, त्यामुळे धोक्याच्या दिवशी काढणी सकाळीच आटपावी.

४. पिकानुसार काम पुढे-मागे करा

कांदा: निम्म्या माना पडल्या की काढणीची वेळ झाली. पुढच्या चार दिवसांत पावसाचा इशारा असेल तर काढू नका, जमिनीत तो उघड्यापेक्षा बरा. काढलेलाच असेल, तर ढीग उंचवट्यावर लावा, भोवती चर काढा, ताडपत्री झाका आणि ऊन पडताच ती उचला. आत वाफ धरली की भिजला नाही तरी सडतो. कोरड्या आठवड्यात पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवून, मग सावलीत वाळवून कांदाचाळीत भरावा.

गहू: ओंबी वाळली असेल तर मळणीयंत्रासाठी नंबर लावण्यात वेळ घालवू नका, निदान कापून पेंढ्या आडोशाला न्या. दाणा अजून भरत असेल आणि तापमान सरासरीच्या बरंच वर जाणार असेल, तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. जोराचा वारा असेल त्या दिवशी मात्र पाणी नको, गहू लोळतो.

द्राक्ष: गोडी पुरेशी आली असेल आणि व्यापारी दोन रुपयांसाठी घासाघीस करत असेल, तर आकाश बघून सौदा करा. पक्व मण्यांना पाऊस लागला की ते तडकतात, मग भावाचा प्रश्नच उरत नाही.

फवारणी वारा आणि पाऊस दोन्ही बघून करा, एवढंच.

५. विजेला वाद नाही

वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम टाकून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबू नका, जनावरंही तिथे बांधू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं.

६. पुढच्या ऋतूचा अंदाज कितपत धरावा

फेब्रुवारीअखेर मार्च ते मे या उन्हाळ्याचा अंदाज येतो. मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला, सुधारित मेअखेर. देशातल्या मान्सूनच्या पावसाची सरासरी ८७ सेंटीमीटर धरून तो टक्क्यांत सांगतात. त्यावरून विहिरीचं पाणी किती पुरवायचं, चारा किती साठवायचा ते ठरवा. पेरणीची तारीख ठरवू नका.

७. आपली नोंद आपण ठेवा

सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा आणि पडलेलं पाणी पट्टीने मोजा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. रोज वहीत तारीख, पाऊस आणि वाऱ्याची दिशा लिहा. राज्यात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, पण जवळचं केंद्र आठ किलोमीटरवर कोरडं असताना तुमच्याकडे गारा पडलेल्या असू शकतात. तसं झालं तर शेत साफ करण्याआधी तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा, तलाठ्याला आणि कृषी सहायकाला त्याच दिवशी कळवा. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावं लागतं. विमा असेल तर नुकसान कळवावं लागतं का आणि किती मुदतीत, ते आधीच बघून ठेवा.